‘बोंब’ची नोंद

सोमवार, २ फेब्रुवारी १९८७

विद्याधर सर धन्य आहेत! आज ‘प’च्या खोक्यात एक चिठ्ठी निघाली — ‘पंक बँड, वेसावे कोळीवाडा’. एवढंच. सही नाही, पत्ता नाही. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पंक म्हणजे चिखल. वेसाव्याला चिखलाला काय तोटा! वरातीचा बँड दिसतोय. टाका ब्रास बँडच्या यादीत."

मी हसू दाबून सांगितलं — सर, हा विलायतेतला पंक. केस उभे करतात, कपडे आधी फाडतात आणि मग घालतात, गिटार तुटेस्तोवर वाजवतात. सरांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "आणि ही मंडळी वेसाव्याला काय करतात?"

प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण नियम होता. ‘उपनगर संगीत कोशा’चा नियम चार. तीन वर्षांपूर्वी मीच लिहिला, सरांनी एक स्वल्पविराम काढून मंजूर केला. ‘ज्या विषयाचे परस्परांशी वा त्या विषयातील व्यक्तींशी संबंध नसलेले दोन छापील पुरावे मिळत नाहीत त्याची नोंद घेऊ नये. छापील पुराव्यात नसलेले कोणतेही विधान नोंदीत करू नये.’ हा नियम नसता तर आमचं काय झालं असतं! वाचकांनी नावं सुचवावीत असं आवाहन केलं आणि वांद्र्यापासून दहिसरपर्यंत, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत प्रत्येक घरात एक गाणारा काका निघाला. सहाशे काका मी या नियमाने परतवले आहेत.

चिठ्ठीच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहिलं — अपात्र. पाच मिनिटांचं काम.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

‘पोवाडे’ संपलं. एकदाचं! तिसरा खंड प ते म, पंधरा एप्रिलला घाटकोपरला छापखान्यात गेलाच पाहिजे. जाणार. मी आहे ना.

सोमवार, ९ फेब्रुवारी

दुपारी डबा उघडला आणि दारात एक मुलगी. एकोणीस-वीस वर्षांची, पदर खोचलेला, हातात रिकामी पाटी. वाचनालयाखालच्या बाजारात मासे विकून थेट वर आली होती.

"संगीताचं पुस्तक इथंच करतात ना? मी चिठ्ठी टाकली होती. आमचं काय झालं?"

हिनेच टाकलेली! नाव विचारलं. कमळ चिखले. सर तिकडून एकदम उसळले — "पंक, चिखले, आणि त्यात कमळ! वा!" स्वतःच्याच कोटीवर एवढे हसले की ठसका लागला. मुलगी हसली नाही. ही कोटी तिने शाळेपासून ऐकली असणार.

बँडचं नाव ‘बोंब’. शिमग्याची बोंब. तिघं जण — तिचा भाऊ चंदू गातो आणि गिटार वाजवतो, तुळशीदास म्हणून एक जण साकीनाक्याला अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो तो बेस गिटार वाजवतो, आणि ही स्वतः ढोल. मी म्हटलं, कॅसेट आहे? नाही. रेडिओवर? नाही. बक्षीस, प्रमाणपत्र? नाही. मग आहे काय?

"गाणी आहेत," ती म्हणाली. "अकरा."

मी तिला नियम चार वाचून दाखवला. सावकाश, दोनदा. तिने नीट ऐकला. मग म्हणाली, "ताई, मे महिन्यात माझं लगीन आहे. सातपाटीला जाणार मी. मी गेले की बँड खलास. पुस्तकात आलं नाही तर हे झालं होतं असं कुणी बोलणार पण नाही."

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण कोश म्हणजे काही लग्नात द्यायचा आहेर नाही. तसं तिला सांगितलं, थोडं गोड करून. ती म्हणाली, "मग पुरावे आणले तर घ्याल?" घेऊ की! त्यात काय! ती पाटी उचलून निघाली. चिठ्ठीवरचं ‘अपात्र’ मी खोडलं नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज दोन्ही पोरगे आले. चंदू धिप्पाड, काळाभोर, डोक्यावरचे केस खरोखरच उभे — सरांनी त्याच्याकडे सर्कशीतल्यासारखं बघितलं. तुळशीदास किडकिडीत, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. पुरावा म्हणून चार पानं आणली होती. ‘पंक म्हणजे काय आणि बोंब का’, लेखक तुळशीदास.

पानं सायक्लोस्टाइल केलेली! शिवाय लेखक स्वतःच बँडमध्ये. एका कागदात नियम चार दोन ठिकाणी मोडला, विक्रमच म्हणायचा. मी म्हटलं, सायक्लोस्टाइल म्हणजे छपाई नव्हे. तुळशीदास म्हणाला, "मॅडम, शाई लागलीय ना कागदाला? मग?" चांगला वाद घातला त्याने, मान्य करायला हवं. साकीनाक्याला फुकट घालवतोय डोकं.

चंदू मात्र कंटाळला होता. "ताई, आमी काय पुरावे ठेवतो काय? मासे विकले, पाटी धुतली, खलास."

जाता जाता त्याने एक गोष्ट सांगितली. पंच्याऐंशी साली सांताक्रूझच्या एका हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता आणि पोलीस आले होते. पेपरात आलं होतं म्हणे. कुठला पेपर? आठवत नाही. तारीख? "दिवाळी झाली होती." झकास! एवढ्यावर मी शोधायचं.

शोधणार नाही. पुरावा आणणं हे त्यांचं काम.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

शोधला.

राहवलंच नाही. खाली वाचनालयात संध्याकाळच्या पेपरांचे गठ्ठे बांधून ठेवलेले आहेत, नोव्हेंबर पंच्याऐंशीचा काढला. तेवीस तारीख, पान तीन. ‘सांताक्रूझ येथील सभागृहात बॉम्ब असल्याच्या वार्तेने घबराट. तीनशे लोक बाहेर.’ बँडचा उल्लेखच नाही. मी गठ्ठा मिटणार, तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. अगं माणिक! हॉल इंग्रजी वळणाच्या लोकांचा. तिथल्या फलकावर नाव इंग्रजीत लिहिलं असणार. बी, ओ, एम, बी! ‘आज सायंकाळी सहा वाजता — बॉम्ब’! आणि ते दिवस कसे होते — बेवारस वस्तूला हात लावू नका अशा पाट्या जिकडेतिकडे. कुणीतरी फलक वाचला आणि धावला चौकीत.

मी गठ्ठ्यांच्या खोलीत एकटी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पण हसून झाल्यावर प्रश्न उरतोच. बातमी बँडमुळे झाली, पण बँडविषयी नाही. ही बोंबेची बातमी की बॉम्बची? बातमीदारालाच माहीत नाही तो काय लिहितोय. पुरावा धरता येत नाही. नाहीच.

मग चोवीस तारखेचा अंक उघडला. पान पाच, चौकटीत — ‘बॉम्ब नव्हे, बोंब!’ सापडलं! ‘शिमग्यातील बोंब यावरून आम्ही हे नाव घेतले असून गाणी आपणच रचतो व गातो, असा खुलासा मंडळाचा प्रमुख चंदू चिखले याने पोलिसांपुढे केल्याचे समजते.’ नाव आहे, गाव आहे, काय करतात तेही आहे. बातमीदाराचा यांच्याशी काडीचा संबंध नाही.

पुरावा क्रमांक एक. गंमत अशी की पोलीस आले नसते तर हाही नसता.

सोमवार, २३ फेब्रुवारी

कमळला सांगितलं तर तिने माझा हातच धरला. मी सोडवून घेतला आणि सांगितलं, एक झाला, एक बाकी. तिला वाटलं दोन दिवसांच्या दोन बातम्या म्हणजे दोन पुरावे. नाही बाई. पेपर एकच, तोंड एकच. ती म्हणाली, "ताई, तुम्ही वजनात पण असंच करता का? बाजारात माझ्याकडे येऊ नका बरं." फाजील आहे! आवडते मला.

सर म्हणाले, "माणिकबाई, एका चिठ्ठीवर किती दिवस? अजून ‘भजनी मंडळे’ आहेत." मी म्हटलं, ‘भ’ झालाय. खरं तर अर्धा झालाय.

रविवार, ८ मार्च

वेसाव्याला जाऊन आले. नियमात कुठेही लिहिलेलं नाही की संपादकाने स्वतः ऐकावं. पण ‘पंक पद्धतीचे’ असं लिहायचं आणि ते कशाशी खातात हे माहीत नसावं, हे मला चालत नाही.

समुद्राच्या अंगाला जाळी ठेवायची शेड आहे, तिथे सराव. बाहेर बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत टाकलेले, त्यांच्या मागे लगेच नव्या इमारती, सात-सात मजली. कमळने मला प्लॅस्टिकच्या निळ्या पिंपावर बसवलं. दुसरं तसंच पिंप उलटं टाकून ती ढोलाबरोबर वाजवते. तुळशीदासचा अ‍ॅम्प्लिफायर पत्र्याच्या पेटीत, चालू केला की आधी कुठल्या तरी स्टेशनच्या बातम्या ऐकू येतात.

मग सुरू झालं. देवा! कान गेले. सूर नाही, लय आहे पण पळत सुटलेली, आणि चंदूचा आवाज म्हणजे खवळलेल्या रेड्याचा. पहिली दोन गाणी मी हातातल्या वहीत ‘गोंगाट’ एवढंच लिहिलं. तिसऱ्याला शब्द कळायला लागले.

सातव्या मजल्यावरच्या काकू,
नाक नका झाकू,
खाली आमचं खळं होतं,
आता बोंबील कुठं टाकू?

आणि मग तिघंही उलटा हात तोंडावर मारून — नाही, दोघंच. चंदू आणि तुळशीदास. बोंऽऽऽब! शेडचा पत्रा थरथरला. मी मोठ्याने हसले आणि अंगावर काटाही आला, दोन्ही एकदम. मागे इमारतीत एक खिडकी धाडकन बंद झाली. खरी काकू असणार!

हे विलायतेचं नाही. हे आपलं आहे. शिमग्याला गावात ज्याने वाकडं केलं त्याच्या दारात उभं राहून नाव घेऊन बोंब मारतात, तेच यांनी विजेवर चढवलंय. बर्फाच्या कारखानदारावर एक आहे, समुद्राचं पाणी काळं करणाऱ्यांवर एक, नवऱ्याच्या माराबद्दल गप्प बसणाऱ्या शेजाऱ्यांवर एक. ते शेवटचं ऐकून मी चंदूकडे पाहत राहिले. एवढ्या दांडगट पोराला बाईच्या मनातलं कसं कळलं! शब्द बारीक चिमटीत धरून ठेवलेले. त्याला तसं म्हटलं तर तो नुसता मान हलवून गिटारची तार पिळायला लागला. लाजाळू आहे.

कमळ ढोल वाजवताना सगळं गाणं ओठांत म्हणत असते, चंदूच्या अर्धा क्षण आधी. ताल राखायला बरं पडत असेल.

शेडमधून निघताना तिला विचारलं, तू का नाही बोंब मारत? ती म्हणाली, "बायका मारतात काय कधी?" खरंच की.

मला दुसरा पुरावा हवा आहे. हे लिहून ठेवते. गेल्या महिन्यात मी त्यांना पुरावा आणा म्हणत होते, आता मलाच हवा आहे.

सोमवार, १६ मार्च

धुळवड. बोरीवलीभर रंग. काल होळीपुढे सोसायटीतले सगळे पुरुष बोंबलत होते, एरवी जिन्यात नमस्कार घालणारे कारकून लोक. आम्ही बायका नारळ आणि पुरणपोळी घेऊन मागे. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी लक्षात आलं की मी आयुष्यात एकदाही बोंब मारलेली नाही.

दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि हात उलटा करून हळूच मारून बघितली. बाहेरून आई — "काय गो माणके, ठसको लागलो?"

शनिवार, २८ मार्च

सापडला! सापडला! सापडला!

फोर्टातल्या एका ग्रंथालयात हा माझा तिसरा शनिवार. तरुणांचं एक इंग्रजी मासिक, त्याचे तीन वर्षांचे अंक एक-एक पान करून चाळले. सिनेमे, मोटरसायकली, केसांची तेलं, आणि जानेवारी शहाऐंशीच्या अंकात शेवटून दुसऱ्या पानावर नऊ ओळी. ‘वेसाव्याचे तीन कोळी, नाव बोंब. शहरातला सर्वांत अप्रिय आणि सर्वांत खरा बँड. चंदूची गाणी कळण्यासाठी मराठी यायला हवी, पण घाबरायला भाषा लागत नाही.’ शिवाय स्थापनेचं साल, तिघांची नावं आणि वाद्यंही दिलीत. लिहिणारा कोणी बंगाली दिसतोय. त्याचा वेसाव्याशी काय संबंध!

दोन पुरावे. स्वतंत्र. छापील. दोन्हींत बँडचं नाव, दोन्हींत गाणी चंदूची. तपशील एकमेकांशी जुळतात तेव्हा जे समाधान मिळतं ते दुसऱ्या कशात नाही.

बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. दोन ग्लास.

सोमवार, ३० मार्च

सरांशी दीड तास. ते म्हणाले, याला घेतलं तर उद्या रस्त्यावर ओरडणारा प्रत्येक जण येईल. मी म्हटलं, येऊ देत. दोन पुरावे आणले तर घेऊ, नाहीतर सहाशे काकांच्या मागे उभं करू. ते म्हणाले, हे संगीत आहे का? मी म्हटलं, नियमात ‘चांगले संगीत’ असं लिहिलेलं नाही, मीच लिहिलाय, मला माहीत आहे. ते म्हणाले, कुठल्या विभागात बसवणार, लोककला की पाश्चात्य? दोन्ही विभागांचे तज्ज्ञ हात झटकतील. मी म्हटलं, अकारविल्हे कोशात विभाग लागत नाही. ‘बैठकीची लावणी’ आणि ‘ब्रास बँड’ यांच्या मधे बसतोय बरोबर.

इथे सर हसले. म्हणजे मी जिंकले! "सात ओळी," म्हणाले. "आठवी नाही." सही केली.

तीच चिठ्ठी काढली. ‘अपात्र’ खोडलं. माझ्या हाताने लिहिलेलं मी खोडण्याची ही पहिलीच वेळ, आणि मला काही कमीपणा वाटला नाही. नियम तोच आहे, मी तीच आहे, फक्त पुरावे आले. कोश असाच व्हायला हवा.

गुरुवार, २ एप्रिल

आई विचारते, "गो, ह्यां काय दिवसभर पुटपुटतंस? कोण काकू, खयचो मजलो?"

सोमवार, ६ एप्रिल

कमळ आली होती. नोंद वाचून दाखवली.

‘बोंब : वेसावे (अंधेरी) येथील पंक पद्धतीचे गायन-वादन मंडळ. स्थापना १९८४. गीतरचना व गायन — चंदू चिखले. साथ — तुळशीदास (बेस गिटार), कमळ चिखले (ढोल). शिमग्यातील बोंब मारण्याच्या प्रथेचा विद्युत वाद्यांच्या साथीने केलेला अभिनव उपयोग. स्थानिक प्रश्नांवरील उपहासगीते हे वैशिष्ट्य.’ पुढे सांताक्रूझचा प्रसंग एका वाक्यात.

तिने पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्यांदा वाचताना ती माझ्या टेबलाच्या कडेवर बोटाने काहीतरी गिरवत होती. मला वाटलं आता रडते की काय आनंदाने. ती म्हणाली, "ताई, एक सांगू? गाण्यांचं आहे. ती गाणी ना—"

मी हात वर केला. म्हटलं, कमळ, थांब. छापील आहे का? असेल तरच सांग. आत्ता तुझं एक ऐकलं तर उद्या प्रत्येकाचं ऐकावं लागेल. पुराव्यात नाही ते नोंदीत नाही — तुला पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं ना?

"दाखवलं होतं," ती म्हणाली.

"मग? छापील आहे?"

"नाही. छापील नाही."

"मग राहू दे."

तिने टेबलावरचं बोट काढून घेतलं. मग हसली, पाटी उचलली. "छान झालंय, ताई. माझं पण नाव आहे ढोलात." दारातून परत वळून लग्नाचं आमंत्रण दिलं, दहा मे, नक्की या म्हणाली. गोड पोरगी. बहुतेक अकरा गाण्यांची नावं घाला म्हणणार होती, त्यांना ओळी कुठल्या!

नोंद पाकिटात घातली. तीन वर्षांत एवढ्या कष्टाने मिळवलेली दुसरी नोंद नाही. इतकी चोख तर नाहीच.

बुधवार, १५ एप्रिल

खंड तिसरा छापखान्यात गेला. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी! सरांनी पेढे आणले. त्यांनी ‘बोंब’ची सातवी ओळ गुपचूप लांबवून आठवी केली होती, प्रुफात दिसलं. आपण कसे भले ते दाखवायचं नसतं त्यांना. मीही काही बोलले नाही.

रविवार, १० मे

सातपाटीला जाता आलं नाही, आईला ताप. तुळशीदासबरोबर साडी पाठवली. आज तिकडे वऱ्हाडापुढे खरा ब्रास बँड वाजत असेल. चिखलाचा नव्हे!

सोमवार, १८ मे

पहिल्या प्रती आल्या. जाड, निळं कापड, सोनेरी अक्षरं. पान एकशे ब्याऐंशी. एकही मुद्रणदोष नाही. पाच वेळा वाचलं.

मंगळवार, १९ मे

चंदू आला होता. केस पाडलेले. कमळने सासरी जाताना तुम्हाला द्यायला सांगितली म्हणून एक वही टेबलावर ठेवली. शंभर पानी, शाळेतली. अकराही गाणी तिच्या अक्षरात, खाडाखोडीसकट, तारखांसकट. ‘काकू’चं कडवं चार वेळा लिहून चार वेळा खोडलंय. मी चंदूकडे बघितलं.

"मना कुठं लिवता येतं, ताई," तो म्हणाला. "समदी तिचीच. पोलिसांसमोर पोरीचं नाव कसा घ्यायचा म्हणून माझा सांगितला, मग सगले तेच बोलाय लागले. मी नुसता बोंबलायचो."

तिने सांगायला तोंड उघडलं होतं. मी हात वर करून बंद केलं.

चंदूची गाणी म्हणून छापील पुरावे दोन होते. कालपासून तीन झाले.